चाकाला पाणी

डेन्व्हरला थोरल्याकडं गेलो तो २०२३ चा जून. जाऊन आठ दिवसही झाले नसतील. एका शनिवारी रात्री जेवणं आटपली आणि त्यानं टेबलावर मोठा नकाशा अंथरला. गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर आमटीच्या चार वाट्या पालथ्या घातल्या. भोवती त्याची मित्रमंडळी. एक नागपूरकर जोडपं, एक लुधियानाचा सरदार, आणि एक तिथलाच गोरा माणूस, वायोमिंगात गुराढोरांत वाढलेला. त्याची बायको नर्स. आमच्या घरातले सून, नात आणि मी धरून नऊजण झालो.

बेत सहलीचा होता. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मिसुरी नदीच्या काठावरून पार पश्चिमेच्या ऑरेगनपर्यंत गाड्यांची एक वाट गेली, ऑरेगन ट्रेल. दोन हजार मैलांची, म्हणजे बत्तीसशे किलोमीटरच्या आसपास. तिचा वायोमिंगातला तुकडा तीन मोटारींनी करायचा, आणि तोही जिथं डांबर नाही, जुन्या चाकोऱ्या अजून दिसतात तिथून. चार दिवस, मुक्काम तंबूत.

“आप्पा, तुम्ही येणार ना? हिसके बसतील बरं का,” थोरला म्हणाला.

मी विचारलं, “त्या गाड्यांना घोडे होते का बैल?”

त्यानं गोऱ्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, सिनेमात घोडे असतात, खरं तर बहुतेकांचे बैलच. मी म्हणालो, मग येतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली. इतिहास शिकवला, त्यात अमेरिकेला दीड पान होतं. पण मूळ आम्ही माण तालुक्यातले कुणबी, आणि लहानपणी माझी पुस्तकाआधी ओळख झाली ती गाडीशी. पुढचे तीन आठवडे ही मंडळी कामावर गेली की मी घरात बसून त्या वाटेबद्दल मिळेल ते वाचत होतो. लायब्ररी जवळ होती. इंग्रजी बोलताना माझी जीभ अडते, वाचताना नाही.

पहिला मोठा तांडा निघाला तो १८४३ साली, हजारेक माणसांचा. मग दरवर्षी वाढतच गेले. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि वाटेला जत्रा लागली. १८५२ च्या एका हंगामात पन्नास हजारांहून जास्त माणसं तिच्यावर होती. १८६९ साली आगगाडी झाली, तोवर तीन ते पाच लाख माणसं गेली असावीत असा अंदाज करतात. जिला आपण पटकी म्हणतो ती कॉलरा या वाटेवरची सगळ्यांत मोठी मारेकरीण. रेड इंडियनांच्या बाणांनी मेले त्याच्या कितीतरी पट माणसं घाण पाण्यानं मेली. सिनेमात हे दाखवत नाहीत. हगवणीचा सिनेमा कोण बघणार?

मला खरी गोडी लागली ती त्यांच्या गाडीची. शेतावरचीच चारचाकी गाडी, साटा दहा फूट लांब, चार फूट रुंद, वर कापडाचं छप्पर. माल भरायचा दहा क्विंटलांच्या आसपास, बाकी सगळं घर पायी. दोन किंवा तीन जोड्या बैल. चाल ताशी दोन मैल, म्हणजे बरोबर एक कोस, आपल्या बैलाची असते तीच. त्यांच्या बैलांना वेसण नव्हती, कासरा नव्हता. हाकणारा डाव्या बाजूनं चालत तोंडानंच सांगायचा, डावीकडं, उजवीकडं, थांब. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या दादांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, थापा मारतोय.

घोड्यापेक्षा बैल का, तर स्वस्त, सोशिक, वाटेवरचं कसलंही गवत खाणारा, आणि चोरून नेला तरी लांब पळवता येत नाही. खूर झिजला तर पत्र्या मारायच्या, एका खुराला दोन, आपल्यासारख्याच. पत्र्या संपल्या की कच्च्या कातड्याचे बूट शिवून घालायचे. गाडीखाली वंगणाचं बुधलं टांगलेलं. आमच्या गाडीला बांबूचा नळा असायचा, एवढाच फरक. आणि एका ठिकाणी वाचलं की वायोमिंगच्या कोरड्या हवेत चाकाचं लाकूड आटायचं, लोखंडी धाव ढिली होऊन निसटायची, म्हणून मुक्कामाला नदी लागली की चाकं काढून रात्रभर पाण्यात घालून ठेवत. ते पान मी दोनदा वाचलं. त्याबद्दल पुढं सांगतो.

शनिवारच्या बैठका चालूच होत्या. पहिल्या बैठकीत सगळ्यांना वाटत होतं की बेत म्हणजे काय बघायचं त्याची यादी. गर्न्सीजवळ दगडात पाच फूट खोल गेलेल्या चाकोऱ्या. इंडिपेंडन्स रॉक, ज्याच्यावर जाणाऱ्यांनी नावं कोरली, छिन्नी नसेल त्यांनी वंगणानं रंगवली. स्वीटवॉटर नदी, जी त्यांना नऊदा ओलांडावी लागायची. मग साउथ पास आणि पुढं वाटा फुटतात तो माळ. दुसऱ्या बैठकीत नर्सबाईंनी एकच प्रश्न विचारला. नदीच्या वरच्या अंगाला, रॉकी रिज नावाच्या खडकाळ चढावर कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर दवाखाना कुठं आणि किती तासांवर? आणि माझ्याकडं बघितलं. लँडर गावात, असं उत्तर आलं. तासांचं उत्तर कुणालाच देता येईना, कारण तिथं तास वाटेवर अवलंबून असतात. तिथून पुढं बेताचा रंग बदलला.

गोऱ्या मित्राचं शास्त्र सोपं होतं. एकट्या मोटारीनं जायचं नाही. सगळ्यांत पुढं वाट माहीत असलेला, सगळ्यांत मागं हत्यारं आणि दोर असलेला, आणि प्रत्येकानं आरशात मागची मोटार दिसते का बघायचं. दिसली नाही की थांबायचं. प्रत्येक मोटारीला पुरतं एक जादा चाक. खडकाळ वाटेला लागताना टायरची हवा उतरवायची, म्हणजे टायर पसरतो, दगडाला धरतो, फाटत नाही. डांबरावर आलं की पंपानं परत भरायची. जॅक मऊ मातीत रुततो, म्हणून त्याखाली ठेवायला फळी. फोनला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून निरोप धाडणारं एक यंत्र. पेट्रोलचा हिशेब पंपापासून पंपापर्यंत, आणि त्यात माघारी फिरण्याचा खर्च धरलेला. वाटेत जेफ्री सिटी म्हणून गाव लागतं, युरेनियमच्या खाणींवर वसलेलं. खाणी बसल्या आणि गाव ओस पडलं. नकाशावर गाव दिसलं म्हणून तिथं काही मिळेल असं धरायचं नाही.

आणि जमीन कुणाची ते विचारायचं. बरीचशी सरकारी माळरानं, पण मधे मधे खाजगी कुरणं. तिथं परवानगी. फाटक उघडं असेल तर उघडं सोडायचं, बंद असेल तर बंद करून पुढं जायचं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बांधावरची झाप कशी लावायची हे ज्याला कळत नाही त्याला आमच्याकडं कुणी रानात पाय टाकू देत नसे.

पाण्याचा हिशेब माझ्याकडं आला. नऊ माणसं, चार दिवस, माणशी चार लिटर, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. मी दोनशे लिहिले. नागपूरकर हसला, “काका, पाणीच नेतोय का आपण?” मी म्हणालो, व्हय, पाणीच.

त्या जुन्या लोकांचा बेत गवतावर ठरायचा. एप्रिलअखेरपर्यंत मिसुरीकाठी तळ द्यायचा. गवत बैलाच्या तोंडाला येईल इतकं झालं की निघायचं. फार लवकर निघालं तर वाटेत चारा नाही, उशीर झाला तर पुढच्यांनी खाऊन टाकलेला. चार जुलैच्या सुमाराला इंडिपेंडन्स रॉक गाठला तर पश्चिमेचे डोंगर बर्फाच्या आधी पार होतात. म्हणजे सगळी वाट गवताचं कोंब आणि पहिलं बर्फ यांच्या मधल्या फटीतून काढलेली. आपण मृगावर पेरा धरतो, तसंच.

ती फट चुकली तर काय होतं, याचं १८५६ सालचं उदाहरण गोऱ्या मित्रानं सांगितलं, नंतर मी वाचलंही. मॉर्मन पंथाचे गरीब लोक, बरेचसे इंग्लंड-डेन्मार्ककडून आलेले. बैल घ्यायला पैसे नाहीत म्हणून हातगाडे ओढत निघाले. गाडे घाईत, ओल्या लाकडाचे केलेले. आजच्या ओमाहाजवळ पोचायलाच ऑगस्ट उजाडला. तिथं सभा झाली. पुढं जायचं का हिवाळा इथंच काढायचा? लेव्ही सॅव्हेज नावाच्या एका माणसाला तो मुलूख ठाऊक होता. त्यानं उभं राहून सांगितलं, म्हातारीकोतारी आणि पोरं घेऊन आता जाऊ नका, मरतील. बाकीच्या पुढाऱ्यांनी त्याला खोडून काढलं. कौल पुढं जाण्याकडं गेला. तेव्हा तो मागं राहिला नाही, त्यांच्याबरोबर गेला. ऑक्टोबरात बर्फानं गाठलं, याच रॉकी रिजच्या आसपास. मागून येणारा आणखी एक तांडा होता. दोन्हींत मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली. सॅव्हेज जगला.

त्याच्या दहा वर्षं आधी, १८४६ मध्ये, डोनर नावाच्या कुटुंबाच्या तांड्याला कॅलिफोर्नियाची जवळची वाट घ्यायची होती. ती वाट एका माणसानं पुस्तकात छापली होती, आणि छापली तेव्हा तो स्वतः तिच्यानं गेलेला नव्हता. जेम्स क्लायमन म्हणून जुना शिकारी फोर्ट लॅरमीला त्यांना भेटला. तो नुकताच त्या मुलखातून आला होता. गाड्या घेऊन तिकडं जाऊ नका, असं त्यानं सांगितलं. त्यांनी छापील शब्द खरा मानला. निम्म्याच्या आसपास माणसं डोंगरात बर्फाखाली संपली.

या गोष्टी ऐकताना मला आणखी एक प्रश्न पडायचा. या वाटेवरच्यांना तिथं ‘पायोनियर’ म्हणतात, आधी गेलेले. पण तिथं आधीपासून शोशोनी होते, क्रो होते, लकोटा, शायान होते. साउथ पासची खिंड गोऱ्यांना १८१२ साली पहिल्यांदा ठाऊक झाली, तीही तिथल्याच माणसांकडून कळून. हजारो गाड्या, गाडीला चार-सहा बैल, मागं गाई, मेंढरं. नदीकाठचं सगळं गवत उन्हाळ्याभरात फस्त. मग त्या लोकांच्या घोड्यांनी आणि रानगव्यांनी काय खायचं? तरी शोशोनींचा पुढारी वॉशाकी या तांड्यांना सुखानं जाऊ देत असे, नदीउतारावर मदत करत असे. त्याचे वंशज आज लँडरच्या पलीकडं विंड रिव्हरच्या राखीव टापूत आहेत. आमच्या वाटेपासून फार लांब नाही.

आता ते चाकांचं.

बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा मी चौदा वर्षांचा. हस्त कोरडा गेला, ज्वारी वितीवर करपली. घरची सगळी खडी फोडायला, सुकडी खाऊन दिवस काढायचे. ज्यांना जमलं त्यांनी दिवाळीनंतर गाड्या जुंपल्या आणि जनावरं कृष्णाकाठी नेली. तिथं ऊस असतो, तोडणीनंतरचं वाढं मिळतं. आमचे दादा थांबले. खडीचा पगार आज होईल, उद्या होईल. आई म्हणायची, “चारा संपायच्या आत निघा, वाटंत काय न्हाय.” ते निघाले त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत, भावकीतल्या पाच गाड्यांबरोबर. त्या पाच गाड्या पहाटे निघणारच होत्या, आमच्यासाठी थांबणार नव्हत्या.

गाडी तीन महिने उन्हात उभी होती. एरवी आम्ही चाकं माणगंगेत नेऊन घालायचो, एक रात्र भिजली की पाटे फुगतात, धाव गच्च बसते. त्या वर्षी नदीत वाळू होती. आमच्या विहिरीला तळाशी एक झरा उरला होता, त्याच्यात वाटी बुडत नव्हती. आईनं रात्रभर बसून दोन घागरी भरल्या. दादा मला म्हणाले, “दोन्ही चाकांना पोती गुंडाळ आन् येकेक घागर वत. सांडू नगंस.”

डाव्या चाकाला ओतली. उजव्याला पोतं गुंडाळलं आणि घागर उचलली. शेजारी सर्ज्या बांधलेला, त्यानं मान लांब केली. त्याच्या नाकपुड्या कोरड्या पडून त्यांना चिरा गेल्या होत्या. मी घागर बादलीत ओतली आणि त्याच्यापुढं ठेवली. दोन घोटांत संपली. पोत्यावर तळाचं ओंजळभर शिंपडलं, वरून ओलं दिसावं म्हणून. कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायणीच्या अलीकडं उजव्या चाकाची धाव निसटली. खणखणत रानात गेली आणि आडवी पडली. भावकीतल्या गाड्या दुपारपर्यंत थांबल्या. त्यांचेही बैल तहानलेले, थांबून ते काय करणार? गेल्या. दादांनी बाभळीच्या पाचरा मारून बघितल्या, बसेना. जवळच्या गावात लोहार गाठून गोवऱ्यांच्या जाळात धाव तापवून चढवायला दोन रात्री गेल्या. त्या गावातही पाणी मोजूनच होतं. चौथ्या दिवशी चढावर सर्ज्या बसला. दादांनी जू उतरवलं, त्याच्या तोंडाला ओलं फडकं लावलं. तो उठला नाही.

गाडी एका वस्तीवर सोडली. उरलेल्या पवळ्याला घेऊन आम्ही बापलेक पुसेसावळीवरून चालत कऱ्हाडच्या अंगाला गेलो. तिथल्या शेतकऱ्यांनी वाढं दिलं, नाही म्हणणार नाही. पण रोज नवी जनावरं येताना बघून ते बांधावर उभे राहून मोजत असत, तो चेहरा माझ्या लक्षात आहे. शोशोनींचं वाचताना तोच डोळ्यांपुढं येत होता.

दादा पुढं जन्मभर म्हणायचे, उन्हानं चाक गेलं. १९९१ मध्ये ते वारले. मी काही बोललो नाही.

डेन्व्हरच्या टेबलाशीही हे मी बोललो नाही. नुसतं पाण्याचे दोनशे लिटर लिहिले.

लायब्ररीतच मला एझ्रा मीकर भेटला. १८५२ मध्ये हा माणूस बायको आणि तान्हं लेकरू घेऊन बैलगाडीनं ऑरेगनला गेला. पुढं शेतकरी झाला, पैसा केला, घालवला. म्हातारपणी त्याच्या मनात आलं की लोक ही वाट विसरायला लागलेत, नांगराखाली चाललीय. १९०६ च्या जानेवारीत, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यानं परत गाडी जुंपली आणि तीच वाट उलटी, पश्चिमेकडून पूर्वेकडं धरली. गावोगाव थांबून वाटेवर खुणेचे दगड बसवायला लावायचा. बैलांची नावं ट्विस्ट आणि डेव्ह. ट्विस्ट शहाणा, डेव्ह आडदांड. नेब्रास्कात ब्रॅडी गावाजवळ ट्विस्ट मेला. शहाणाच जातो. मीकरनं ओमाहाच्या गुरांच्या बाजारातून डँडी नावाचा नवा बैल घेतला आणि गाडी थेट वॉशिंग्टनला नेऊन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला दाखवली. पुढं त्याच मुलखातून तो मोटारीनं गेला आणि १९२४ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, विमानानं. डेव्ह आणि डँडी मेल्यावर त्यांच्यात भुसा भरून ठेवलाय, टकोमाच्या संग्रहालयात अजून उभे आहेत. मोटारीनं जायची मला जरा लाज वाटत होती, ती मीकरमुळं गेली.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. गर्न्सीच्या चाकोऱ्या मी हात घालून बघितल्या. माझ्या खांद्याइतक्या खोल, कडा तासल्यासारख्या. नातीनं विचारलं, “आजोबा, हे मशीननं केलं का?” मी तिला उतरवून आत चालायला लावलं.

दुसऱ्या रात्री स्वीटवॉटरच्या काठी मुक्काम होता आणि रात्रभर पाऊस झाला. तिथली माती आपल्या काळवटीसारखी, ओली झाली की चाकाला चिकटते, गोळा होतो. सकाळी चहा घेताना प्रश्न निघाला, रॉकी रिजकडं जायचं का? नागपूरकर म्हणाला, एवढ्या लांब आलो, मोटारी दणकट आहेत, दोर आहेत, बघू. सरदारही त्याच्या बाजूचा. थोरला गप्प. गोऱ्या मित्रानं सांगितलं, ओल्यात गेलो तर आपण अडकू हा एक भाग, पण आपल्या टायरांनी त्या जुन्या चाकोऱ्याही कायमच्या मोडतील. नागपूरकरानं परत विचारलं, “पण सुट्टी तर एवढीच आहे ना?” तेव्हा मी बोललो. हिंदीत बोललो, थोरल्यानं इंग्रजीत सांगितलं. म्हणालो, उशीर झालेला माणूस असंच बोलतो. सॅव्हेज इथूनच जवळ बर्फात चालला होता. मी उतरून इथं बसतो, तुम्ही जाऊन या.

माझ्यामुळं का नर्सबाईंनी तंबू गुंडाळायला घेतला म्हणून, कळलं नाही. पण रॉकी रिज राहिली. डांबरी रस्त्यानं वळसा घेऊन निघालो. नागपूरकर दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी त्यानंच चहा आणून दिला.

साउथ पासला काही म्हणजे काही नाही. समुद्रसपाटीपासून साडेबावीसशे मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरनं उंच, पण सपाट माळ, सगळीकडं कडवट वासाची करडी झुडपं आणि वारा. चढ असा जाणवतच नाही. तांड्यांतल्या कित्येकांना आपण खिंड ओलांडली हे पुढचा ओढा पश्चिमेला वाहताना दिसला तेव्हा कळलं. गाड्या इथून जाऊ शकल्या त्या म्हणूनच. तिथं मीकरनं १९०६ मध्ये उभा केलेला दगड आहे, कंबरेएवढा. मी त्याच्या पायथ्याशी दोन चमचे साखर ठेवली. बैलांसाठी. सुनेनं बघितलं, काही म्हणाली नाही.

पुढं वाटा फुटतात ती जागा. हमरस्त्याला लागून एक दगड आहे, तो बघून लोक फोटो काढून जातात. ती जागा चुकीची. खरी तिथून पंधरा किलोमीटर पश्चिमेला, माळावर. तिथं डावी वाट नदीनदीनं वळसा घेऊन जाते, उजवी जवळची, पण बिग सँडी ओलांडल्यावर ग्रीन नदीपर्यंत सत्तर किलोमीटरच्या आसपास पाण्याचा थेंब नाही. तांडे बिग सँडीवर थांबायचे, बैलांना पोटभर पाजायचे, होतं नव्हतं ते भांडं भरायचे आणि उन्हं कलल्यावर निघून रात्रभर चालायचे. शेवटी ग्रीन नदीच्या पाण्याचा वास लागला की बैल आवरायचे नाहीत.

त्या फाट्यावर थांबलो होतो. प्रत्येक थांब्यावर तो गोरा मित्र तिन्ही मोटारींभोवती फिरायचा आणि एकेक चाकाला तळवा लावायचा, टायर किंवा मधला भाग जास्त तापलाय का बघायला. तेव्हाही तेच करत होता. मी फळीवर बसून बघत होतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीची पहाट आठवली. दादा जू उचलायच्या आधी गाडीला फेरी मारत होते. प्रत्येक गाडीवान मारतो. डाव्या चाकाची पोती सोडली, पाट्यावर हात फिरवला. मग उजव्याकडं आले, पोतं सोडलं, पाट्यावर हात ठेवला, आणि तो जरा जास्त वेळ तिथंच राहिला. मग माझ्याकडं बघितलं. लांबून भावकीतल्या पहिल्या गाडीचे घुंगरू वाजायला लागले होते. ते म्हणाले, “चल, जुंप.”

थोरला पाण्याचा कॅन उतरवत होता. त्याला मी सगळं सांगितलं, घागरीपासून. त्यानं कॅन खाली ठेवला.

“म्हणजे आजोबांना माहीत होतं?”

“चाक ओलं का सुकं ते हाताला कळतंच की.”

तो काही बोलला नाही. मागच्या मोटारीतून नागपूरकर वॉकीटॉकीवर विचारत होता, निघायचं का. थोरल्यानं मला विचारलं, पाणी किती उरलंय? मी कॅन हलवून बघितले. सत्तर लिटर होतं, थोडं वरच. डावीकडची वाट धरली.